'डोळा' या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि नोकरीनिमित्त बाहेरून खानदेशात आलेली मंडळी 'डोळा' या एकाच शब्दाविषयी पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभी सोपे प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे अपवाद येतात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिची पुनरुक्ती न करता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डोळा, नेत्र, नयन, नजर आणि दृष्टी या सगळ्यांचा अर्थ एकच आहे ना? मग कोणताही शब्द वापरला तर काय बिघडते?

अर्थ जवळचे असले, तरी हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'डोळा' हा अवयव आहे आणि रोजच्या बोलण्यातला शब्दही तोच आहे. 'नेत्र' हा शब्द वैद्यकात, सरकारी कागदांत आणि पूजाविधीत येतो, म्हणून 'नेत्ररोगतज्ज्ञ', 'नेत्रशिबिर' आणि 'नेत्रदान' असे म्हणतात. परंतु तोच माणूस घरी बोलताना 'डोळ्यांचे डॉक्टर' म्हणतो. 'नयन' आणि 'लोचन' हे शब्द काव्यात शोभतात. 'नजर' आणि 'दृष्टी' हे अवयवाचे नसून पाहण्याच्या शक्तीचे किंवा पाहण्याच्या रीतीचे शब्द आहेत. 'त्याची नजर कमजोर झाली' आणि 'त्याचा डोळा सुजला' या दोन वाक्यांत शब्दांची अदलाबदल करून पाहिली, म्हणजे हा भेद लगेच ध्यानात येतो.

२. 'डोळा' केव्हा म्हणायचे आणि 'डोळे' केव्हा? डोळे तर दोन असतात, मग वाक्प्रचारात एकच का?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण या शब्दाचे बहुतेक वाक्प्रचार क्रियापदापेक्षा वचनावर आणि विभक्तीवर अवलंबून असतात. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत घसरतो तो येथेच.

जेथे लक्ष, हेतू किंवा लोभ सांगायचा असतो, तेथे मराठी बहुधा एकवचन वापरते. 'त्याचा त्या प्लॉटवर डोळा आहे', 'वॉचमनचा डोळा चुकवून पोरे आत शिरली', 'गोठ्यावर डोळा ठेव' या वाक्यांत अवयवापेक्षा मनाचा रोख महत्त्वाचा आहे. जेथे भावना, अवस्था किंवा प्रकृती सांगायची असते, तेथे अनेकवचन येते. डोळे पाणावतात, निवतात, दिपतात, पांढरे होतात. सराफ बाजारात सोन्याचा भाव ऐकून एखाद्याचे डोळे पांढरे होतील. एकच डोळा पांढरा झाला असे सांगितले, तर ऐकणारा त्याला दवाखान्यात न्यायला निघेल.

या रीतीला अपवाद आहेत. 'डोळे वटारणे' आणि 'डोळे लावून बसणे' यांत हेतू असूनही अनेकवचन येते. 'डोळे मिटणे' याचे तर तीन अर्थ होतात: पापण्या मिटणे, एखाद्या गोष्टीकडे जाणूनबुजून न पाहणे आणि मरण पावणे. त्यामुळे आजारी माणसाविषयी फोनवर 'त्यांनी आत्ताच डोळे मिटले' असे म्हणू नये. 'त्यांना आत्ताच झोप लागली' असे स्पष्ट सांगावे.

३. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाळाचा डोळा लागला." मी घाबरून मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावले आणि सगळे हसले. यात माझे काय चुकले?

'डोळा लागणे' म्हणजे नुकतीच झोप लागणे. ही झोप हलकी आणि थोड्या वेळाची असते. रात्रभराच्या गाढ झोपेला कोणी 'डोळा लागला' म्हणत नाही. वाईट नजरेसाठी मराठीत 'दृष्ट लागणे' किंवा 'नजर लागणे' असे म्हणतात आणि त्यावर मीठ, मोहऱ्या व मिरच्या ओवाळून दृष्ट काढली जाते. 'डोळ्याला डोळा लागला नाही' म्हणजे रात्रभर झोप आली नाही. याउलट 'वाटेकडे डोळे लागले' या वाक्यात झोपेचा संबंधच नाही. तेथे कोणाची तरी आतुरतेने वाट पाहणे आहे. एकवचनात झोप आणि अनेकवचनात प्रतीक्षा, असा हा भेद प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या रीतीहून निराळा असल्यामुळे तो स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा.

४. 'डोळा भरणे', 'डोळे भरून येणे' आणि 'डोळ्यांत भरणे' यांत नेमका काय फरक आहे?

या तिन्हींत क्रियापद एकच आहे, तरी अर्थ एकमेकांच्या आसपासही फिरकत नाहीत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

'डोळा भरणे' हा रोपवाटिकेतला शब्द आहे. बोर, मोसंबी, लिंबू किंवा गुलाब यांचे कलम करताना चांगल्या जातीच्या फांदीवरचा एक कोंब सालीच्या लहानशा पातळ तुकड्यासह धारदार चाकूने अलगद काढतात. खुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर कलम करायचे त्याच्या, सालीला उभा आणि आडवा असा काप देतात, साल दोन्ही बाजूंनी किंचित सैल करतात आणि तो तुकडा आत सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. बांधताना फक्त कोंब तेवढा उघडा ठेवतात. हा कोंब म्हणजे डोळा, आणि तो खुंटात बसवणे म्हणजे डोळा भरणे. काही दिवसांनी तो हिरवा राहिला, तर 'डोळा धरला' म्हणतात; काळा पडून सुकला, तर 'डोळा गेला' म्हणतात. गावठी बोरीवर अशा रीतीने डोळे भरून चांगली जात करण्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जळगावकरांना मेहरूणच्या बोरांचा अभिमान आहे. तो बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

'डोळे भरून येणे' म्हणजे दुःखाने, आनंदाने किंवा कृतज्ञतेने डोळ्यांत पाणी दाटणे. यात पाणी अजून गालावर आलेले नसते. ते ओघळले, की 'डोळे वाहू लागले' असे म्हणतात. याच रूपाजवळचे 'डोळे भरून पाहणे' हे मात्र वेगळे आहे. तेथे पाण्याचा संबंध नाही. मन तृप्त होईपर्यंत पाहणे असा त्याचा अर्थ आहे. परगावी निघालेल्या लेकीला आई डोळे भरून पाहते, आणि तेव्हाच तिचे डोळे भरूनही येतात.

'डोळ्यांत भरणे' म्हणजे अनेकांतून एखादी गोष्ट उठून दिसणे आणि मनाला आवडणे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात शेकडो घोड्यांमधून एक घोडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो आणि मग सौद्याची बोलणी सुरू होते. या वाक्प्रचारात पसंती आहे. नुसते नको तितके उठून दिसणे असेल, तर 'डोळ्यांवर येणे' म्हणतात आणि त्यात बहुधा नापसंती असते: 'एवढी उधळपट्टी लोकांच्या डोळ्यांवर येते.'

५. शेतात आम्ही उसाचा डोळा, बटाट्याचा डोळा म्हणतो. हा बोलीतला शब्द आहे की पुस्तकातही चालतो?

पुस्तकात चालतो आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही हाच शब्द असतो. रोपाच्या ज्या ठिकाणाहून नवा अंकुर फुटतो, त्या जागेला मराठीत डोळा म्हणतात. त्याचे काही उपयोग पुढे देत आहे.

उसाच्या प्रत्येक कांडीच्या पेराजवळ एक डोळा असतो. बेण्यासाठी, म्हणजे लावणीसाठी, एका डोळ्याची किंवा दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे, तोडतात. एक डोळ्याची टिपरी लावताना डोळा वरच्या बाजूला ठेवावा आणि दोन डोळ्यांची टिपरी लावताना दोन्ही डोळे सरीच्या बाजूंना येतील असे पाहावे, अशी शिफारस आहे. डोळा खाली दबला, तर उगवण उशिरा होते. शहादा आणि तळोदा भागात ऊस लावणारा मजूर टिपरी हातात येताच ती फिरवून डोळा कोठे आहे ते बघतो आणि मगच ती सरीत दाबतो. 'डोळे फुटले' असे तो म्हणतो, तेव्हा त्यात वाईट काही नसते. पीक उगवू लागले, एवढाच त्याचा आनंद असतो. माणसाविषयी मात्र 'डोळे फुटले का?' हा रागाचा प्रश्न आहे.

बटाटा कापून लावायचा असेल, तर प्रत्येक फोडीवर निदान दोन डोळे राहतील असे कापतात. केळीच्या कंदावरही डोळे असतात आणि त्यांतून पिले फुटतात. रावेर, यावल आणि चोपडा भागात आता उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांची लागवड वाढल्यामुळे कंद निवडण्याचे आणि त्यावरचे डोळे पारखण्याचे काम कमी झाले आहे, आणि त्या कामाबरोबर हा शब्दही तरुण शेतकऱ्यांच्या तोंडून कमी ऐकू येऊ लागला आहे. तो टिकावा, कारण त्याला दुसरा इतका नेमका शब्द नाही.

सीताफळाचा डोळा मात्र निराळा. तेथे अंकुराचा संबंध नसून फळाच्या सालीवरच्या खवल्यांना डोळे म्हणतात. फळ पक्व होऊ लागले, की खवल्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि तेथे पिवळसर पांढरा रंग दिसतो. त्याला 'डोळे उघडणे' म्हणतात. सीताफळ विकत घेताना डोळे उघडलेले फळ निवडावे.

६. नारळाला तीन डोळे असतात, ते खरेच डोळे आहेत का?

ती करवंटीवरची तीन छिद्रे आहेत आणि शेंडी काढल्यावर ती दिसतात. तिघांपैकी एक मऊ असते आणि कोंब त्यातून बाहेर येतो, म्हणजे येथेही डोळ्याचा अर्थ प्रश्न ५ मधल्याप्रमाणे अंकुराच्या जागेशी जुळतो. खानदेशात श्रावणात कानबाई या देवीची स्थापना नारळाच्या रूपात होते. पूजेच्या नारळाची शेंडी काढत नाहीत, त्यामुळे त्याचे डोळे झाकलेले राहतात.

७. माझ्या मुलाने निबंधात 'डोया' लिहिले आणि बाईंनी लाल रेघ मारली. अहिराणीत आम्ही डोयाच म्हणतो. चूक कोणाची?

मुलाने शब्द चुकवलेला नाही, त्याने भाषा बदलली आहे. अहिराणीत प्रमाण मराठीच्या 'ळ'च्या जागी पुष्कळ ठिकाणी 'य' येतो: काळा म्हणजे काया, केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया. लेवा गणबोलीतही हे वळण आहे. अहिराणीचे स्वतःचे व्याकरण आहे. 'डोळ्यात' याला अहिराणीत 'डोयामा' म्हणतात आणि हा 'मा' गुजरातीच्या 'मां'शी नाते सांगतो. 'माझे डोळे दुखतात' हे वाक्य अहिराणीत 'मना डोया दुखतस' असे होते आणि 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही' हे 'रातभर डोयाले डोया लागना नही' असे होते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशीची, म्हणजेच अहिराणीची, नोंद मराठीपासून वेगळी केली आहे.

प्रमाण मराठीतल्या निबंधात 'डोळा' लिहावे, हे बाईंचे म्हणणे योग्य आहे. परंतु लाल रेघेशेजारी 'हा अहिराणी शब्द आहे, येथे प्रमाण मराठीतला लिहावा' एवढे वाक्य असायला हवे होते. नुसती रेघ पाहून मुलाला आपल्या आजीचे बोलणेच चुकीचे वाटू लागते, आणि ते होऊ देता कामा नये. तोंडी गोष्ट सांगताना किंवा संवाद लिहिताना 'डोया' निःशंकपणे चालतो.

८. डोळे आले आहेत असे डॉक्टरांना सांगितले, पण ते म्हणाले की नीट सांगा, काय होते आहे. आणखी काय सांगायचे?

'डोळे येणे' म्हणजे डोळ्यांची साथ लागणे: पांढरा भाग लाल होतो, पाणी येते आणि चिपडे धरतात. लाल झालेला प्रत्येक डोळा हा 'आलेला' डोळा नसतो, म्हणून डॉक्टर अधिक विचारतात. सुदैवाने त्यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत. आत काही अडकल्यासारखे वाटत असेल, तर डोळा खुपतो. धुराने किंवा तिखटाने होते ते झोंबणे, आणि जागरणाने होते ते चुरचुरणे. आतून कळ मारत असेल, तर डोळा ठणकतो. सकाळी पापण्या एकमेकींना धरून बसत असतील, तर त्या चिकटतात. पापणीच्या कडेला दुखरी पुळी आली असेल, तर ती रांजणवाडी. नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीवर काम करणाऱ्या बायकांचे डोळे दिवसभर झोंबतात. त्यांनी 'डोळे आले' असे सांगितले, तर उपचार चुकण्याचा संभव असतो.

साथीतल्या रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने साथ लागते, ही समजूत खरी नाही. ती हातांमधून, रुमाल-टॉवेलमधून आणि एकमेकांच्या वस्तूंमधून पसरते. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधूक दिसत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये आणि शेजाऱ्याने दिलेले थेंबही घालू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

९. 'डोळ्यांत तेल घालून जागणे' यात खरोखर तेल घालत असत का? आणि 'अंजन घालणे' म्हणजे काजळ का?

दोन्ही ठिकाणी अर्थ लाक्षणिक आहे. तेल घातल्याने दिवा जळत राहतो, तसे डोळे जागे ठेवून अतिशय दक्षतेने राखण करणे, असा पहिल्याचा अर्थ होतो. पीक काढणीला आले, की शेतकरी रात्री डोळ्यांत तेल घालून जागतो. प्रत्यक्षात डोळ्यांत तेल कधीही घालू नये. 'डोळ्यांत अंजन घालणे' म्हणजे चूक दाखवून एखाद्याला भानावर आणणे. अंजन हे डोळ्यांत घालण्याचे औषध असल्याने येथे उपकाराची छटा आहे. 'डोळ्यांत धूळ फेकणे' यात फसवणुकीची आहे.

१०. 'काणाडोळा करणे' आणि 'डोळेझाक करणे' एकच ना?

फार जवळचे आहेत, तरी वजन वेगळे आहे. 'काणाडोळा' बहुधा लहान चुकीकडे मुद्दाम दुर्लक्ष करताना येतो आणि त्यात कधी कधी माया असते: 'नातवाच्या खोड्यांकडे आजोबा काणाडोळा करतात.' 'डोळेझाक' जबाबदार माणसाने कर्तव्यात केलेल्या दुर्लक्षाला लागते, म्हणून वाळूउपशाच्या बातम्यांत हा शब्द नेहमी दिसतो. 'डोळ्यांवर कातडे ओढणे' हे त्याहून कठोर आहे.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'काणा', 'चकणा', 'हेकणा' आणि 'आंधळा' हे शब्द वाक्प्रचारात आणि म्हणीत आहेत म्हणून माणसाला उद्देशून वापरू नयेत. समोरच्या व्यक्तीविषयी बोलताना 'अंध' किंवा 'दृष्टिहीन' म्हणावे. आणि ती व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो वापरावा, हे सर्वांत उत्तम.

११. 'डोळ्यात' लिहायचे की 'डोळ्यांत'?

दोन्ही रूपे शुद्ध आहेत, फक्त वचन वेगळे आहे. शासनमान्य लेखननियमांप्रमाणे अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार देतात. एका डोळ्याविषयी बोलायचे असेल, तर 'उजव्या डोळ्यात कचरा गेला' आणि दोन्हींविषयी असेल, तर 'डोळ्यांत पाणी आले' असे लिहावे. बोलताना हा अनुस्वार फारसा ऐकू येत नाही, त्यामुळे लिहिताना तो सुटतो.

१२. मग 'याचि देही याचि डोळा' यात 'डोळ्यांनी' का नाही?

हे जुन्या मराठीतले रूप आहे. तेव्हा 'डोळ्यांनी' या अर्थी 'डोळां' असे सानुनासिक रूप वापरले जाई. पुढे लेखनातला अनुस्वार गळला आणि ते आजच्या एकवचनासारखे दिसू लागले. 'याच देहात, याच डोळ्यांनी' असा त्याचा अर्थ आहे. आजच्या वाक्यात हे रूप स्वतंत्रपणे वापरता येत नाही. ते या ठरलेल्या शब्दसमूहातच राहिले आहे.

१३. 'डोळ्यांचे पारणे फिटले' हे कोणत्याही सुंदर दृश्याला म्हणता येते का?

लोक म्हणतात खरे, पण मूळ अर्थ त्याहून खोल आहे. पारणे म्हणजे उपवास सोडणे. ज्या दर्शनासाठी डोळे दीर्घकाळ उपाशी होते, ते घडल्यावर त्यांचे पारणे फिटते. मुक्ताईनगरहून मुक्ताईच्या पालखीबरोबर आषाढी वारीला पायी निघालेला वारकरी अनेक दिवसांच्या चालीनंतर पंढरपुरात विठ्ठलासमोर उभा राहतो, तेव्हा हा वाक्प्रचार पूर्ण अर्थाने लागू पडतो. अचानक दिसलेल्या इंद्रधनुष्याला 'डोळे सुखावले' पुरेसे आहे.

१४. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही' यातले कुसळ म्हणजे नक्की काय? शहरातल्या मुलांना सांगता येत नाही.

बाजरीचे कणीस किंवा गव्हाची ओंबी हाताला लागली, की जे बारीक, ताठ, केसासारखे टोक टोचते ते कुसळ. रानातल्या कुसळी गवताची कुसळे चालताना धोतराला आणि पायमोज्याला चिकटतात, आणि ती ओढून काढताना लक्षात येते की ती एकाच दिशेने सरकतात. मळणीच्या वेळी उडालेले कुसळ डोळ्यात गेले, तर दिसत नाही पण फार खुपते. मुसळ म्हणजे उखळात धान्य कांडण्याचे लाकडी दांडके. डोळ्यात मुसळ मावणारच नाही, आणि या अतिशयोक्तीतच म्हणीचे बळ आहे. मुलांना बाजरीचे एक कणीस हातात द्यावे. पुढे फार बोलावे लागत नाही.

'डोळ्यात केर आणि कानात फुंकर' ही म्हणही अनेक जण विचारतात. दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असा तिचा अर्थ आहे. गावात पाण्याची टाकी गळत असताना तिला रंग देण्याचा ठराव झाला, तर ही म्हण चपखल बसते.

१५. 'नेत्रदान' म्हणजे अख्खा डोळा दुसऱ्याला बसवतात का?

नाही. दान केलेल्या डोळ्यातला समोरचा पारदर्शक पडदा, जो काळ्या बुबुळावर काचेसारखा असतो, तो अंध व्यक्तीच्या डोळ्यावर बसवतात. त्यामुळे ज्यांचे अंधत्व या पडद्याच्या दोषामुळे आले आहे, त्यांनाच नेत्रदानाचा उपयोग होतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नातेवाइकांनी लगेच नेत्रपेढीला कळवावे, तोपर्यंत मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि खोलीतला पंखा बंद करावा. चष्मा असणारे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो.

१६. हिंदीत 'आंखें दिखाना' म्हणजे धमकावणे. मराठीत 'डोळे दाखवणे' चालेल का?

चालणार नाही, निदान त्या अर्थी नाही. मराठीत 'डोळे दाखवणे' म्हणजे डॉक्टरांकडून डोळे तपासून घेणे. धमकावण्यासाठी 'डोळे वटारणे' आणि खूप रागासाठी 'डोळे लाल करणे' आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हिंदी कानावर सतत पडत असल्याने ही सरमिसळ सहज होते.

१७. बातम्यांत 'तिसरा डोळा' म्हणतात, तो शंकराचा का?

उपमा तेथूनच आली आहे. बातमीत मात्र त्याचा अर्थ सीसीटीव्ही कॅमेरा असा असतो.

१८. सुईला डोळा असतो का? आणि वादळाला?

सुईच्या छिद्राला मराठीत 'नेढे' म्हणतात. 'सुईचा डोळा' हे इंग्रजीवरून आलेले भाषांतर आहे आणि ते टाळावे, कारण आपला शब्द उपलब्ध आहे. डोंगराच्या माथ्यावर आरपार पडलेल्या भोकालाही नेढेच म्हणतात. चक्रीवादळाच्या शांत मध्यभागाला मात्र हवामानाच्या बातम्यांत 'वादळाचा डोळा' म्हणतात आणि तो शब्द आता रुळला आहे, कारण त्यासाठी आधीचा शब्द नव्हता. मोराच्या पिसावरच्या डोळ्याला कोणाची हरकत नसावी. तो मराठीत फार पूर्वीपासून आहे.

१९. गरोदर बाईचे 'डोहाळे' हा शब्द डोळ्यांवरूनच आला ना? तिला जे डोळ्यांना दिसेल ते हवे असते म्हणून?

तसा संबंध नाही. 'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद' यावरून आला आहे. उच्चार जवळचा असल्याने ही समजूत पसरली आहे.

२०. 'समक्ष', 'परोक्ष' आणि 'अपरोक्ष' यांत डोळा आहे असे ऐकले. 'माझ्या अपरोक्ष हे घडले' हे बरोबर आहे का?

या सर्व शब्दांत डोळा आहे. संस्कृतात डोळ्याला 'अक्षि' म्हणतात आणि समासात त्याचे 'अक्ष' होते. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांपुढे आलेले, परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, आणि साक्षी म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. गवाक्षातही अक्ष आहे आणि रुद्राक्षातही.

'अपरोक्ष' म्हणजे परोक्ष नसलेले, अर्थात प्रत्यक्ष. त्यामुळे 'माझ्या अपरोक्ष हे घडले' याचा मूळ अर्थ 'माझ्या समोर घडले' असा होतो, आणि बोलणाऱ्याला बरोबर उलटे सांगायचे असते. ही चूक इतकी रूढ झाली आहे, की काही जण तिला आता मराठी अर्थच मानतात. दैनंदिन बोलण्यात ती ऐकून घ्यावी लागेल. परंतु अर्ज, तक्रार, इतिवृत्त किंवा न्यायालयातला जबाब लिहिताना हा शब्द वापरू नये, कारण तेथे एका शब्दावरून माणूस हजर होता की नव्हता हे ठरते. अशा वेळी 'माझ्या परोक्ष', 'माझ्या गैरहजेरीत' किंवा 'माझ्या पाठीमागे' असे लिहावे, आणि हजर असल्यास 'माझ्या समक्ष' किंवा 'माझ्या डोळ्यांदेखत' असे लिहावे.